टर्बो गाडीला पाण्याचा इंटरकूलर: उष्णता शेवटी जाते कुठे?

एप्रिल-मे महिन्यात टर्बो पेट्रोल गाडीवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. पहाटे निघालं तर पाय लावायचा अवकाश, गाडी सुसाट सुटते. तीच गाडी दुपारी दोनला कसारा घाट चढताना मरगळते. मग प्लग बदलले जातात, फिल्टर साफ होतो, पेट्रोलपंपाला दोष दिला जातो. बऱ्याचदा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. इंजिनात जाणारी हवा तापलेली असते आणि गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) इंजिन वाचवण्यासाठी मुद्दाम ताकद काढून घेत असतो.

त्यावर ‘वॉटर इंटरकूलर टाक’, म्हणजे इंजिनात जाणारी हवा पाण्याने थंड करणारं उपकरण बसव, हा सल्ला मिळतो, विशेषतः गाडी रीमॅप केलेली असेल (ताकद वाढवायला ईसीयूची सेटिंग बदललेली असेल) तर. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. ॲल्युमिनियमचा चकचकीत डबा आणला, दोन नळ्या जोडल्या की काम झालं, अशी समजूत असेल तर पैसे जातात आणि दहा मिनिटांत गाडी पुन्हा मरगळते. या जोडणीत सगळ्यात महत्त्वाचा भाग तो डबा नाही. तो कुठला, हे थोड्या हिशेबाने कळतं.

हवा तापते किती?

टर्बोचं काम हवा दाबून इंजिनात कोंबणं. दाबली की हवा तापतेच. वर टर्बोचा कंप्रेसर शंभर टक्के कार्यक्षम नसल्यामुळे ती आणखी तापते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस, बूस्ट (म्हणजे बाहेरच्या हवेच्या वरचा जास्तीचा दाब) १ बार आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा साधारण १३० अंशांवर असते.

याचे दोन तोटे. पहिला, गरम हवा विरळ असते. हीच हवा ५० अंशांवर आणली तर तेवढ्याच दाबाला तेवढ्याच जागेत सुमारे २५ टक्के जास्त हवा मावते. दुसरा तोटा जास्त घातक. सिलिंडरमध्ये स्पार्कने लागलेली आग पसरत असताना, ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं तापलेलं मिश्रण आपोआप पेटतं. याला नॉकिंग म्हणतात. जास्त बूस्टवर ते पिस्टन फोडू शकतं. म्हणून हवा तापली की ईसीयू स्पार्क उशिरा देतो, काही गाड्यांत बूस्टही उतरवतो. दुपारची मरगळ ती हीच.

टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये ही हवा थंड करणारं उपकरण म्हणजे इंटरकूलर. साध्या प्रकारात टर्बोची हवा बंपरमागच्या जाळीतून जाते आणि समोरून येणारा वारा ती थंड करतो. पाण्याच्या प्रकारात टर्बोची हवा एका बंद डब्यातून जाते (याला कोअर म्हणू), तिथे ती आपली उष्णता पाण्याला देते, आणि ते पाणी पंपाने पुढच्या वेगळ्या रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं. म्हणजे उष्णता शेवटी जाते बाहेरच्या वाऱ्यातच. पाणी हा मधला टप्पा आहे.

मग हा जास्तीचा टप्पा कशाला? एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता घेतं, तेवढ्या उष्णतेला साडेतीन हजार लिटरच्या आसपास हवा लागते. त्यामुळे कोअर लहान करता येतो आणि इंजिनाला अगदी चिकटून ठेवता येतो. टर्बोपासून इंजिनापर्यंतचा हवेचा पाईप आखूड होतो, पाय दिल्यावर प्रतिसाद लवकर येतो. २०१३ साली आलेल्या, चाकणच्या कारखान्यात बनलेल्या पोलो जीटी टीएसआयच्या १.२ लिटर इंजिनात कंपनीने कोअर थेट इंटेक मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागात) बसवला होता. त्याआधी रॅलीसाठी बनलेल्या टोयोटा सेलिका जीटी-फोरमध्येही पाण्याचा इंटरकूलर होता.

बारा किलोवॅट

२०० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात दर सेकंदाला साधारण ०.१५ किलो हवा ओढतं. ती १३० वरून ५० अंशांवर आणायची तर सुमारे १२ किलोवॅट उष्णता काढावी लागते. बाथरूममधले २ किलोवॅटचे सहा गीझर एकदम चालू केले तर जेवढी उष्णता होईल, तेवढी.

आता समजा, टाकी आणि नळ्या मिळून ५ लिटर पाणी आहे आणि पुढचा रेडिएटर नाहीच. १० सेकंद पूर्ण जोर दिला तर पाणी जेमतेम ६ अंशांनी तापेल. ओव्हरटेक झालं, पाय उचलला, काही जाणवलं नाही. पण तोच जोर मिनिटभर टिकला तर पाणी ३५ वरून ७० अंशांकडे जाईल, आणि ७० अंशांचं पाणी हवेला ५० वर आणूच शकत नाही. उलट गाडी हळू चालत असताना टर्बोतून येणारी हवा ५५-६० अंशांचीच असते, तेव्हा हे तापलेलं पाणी तिला आणखी गरम करतं. यालाच हीट सोक म्हणतात.

मापं ठरवण्याचं सूत्र यातूनच मिळतं. कोअर सगळ्यात मोठ्या भाराचा विचार करून घ्यायचा, टाकी काही सेकंदांचा झटका झेलण्यासाठी आणि रेडिएटर सततच्या सरासरी भारासाठी. बाजारात कोअरची जाहिरात सगळ्यात जास्त असते आणि बजेट तिथेच संपतं. रस्त्यावरच्या गाडीत मात्र निकाल लावतो तो पुढचा रेडिएटर आणि पाण्याचा प्रवाह.

सामान निवडताना

रेडिएटरपासून सुरुवात करा. २०० हॉर्सपॉवरच्या आसपासच्या गाडीला साधारण ६० सेंटिमीटर रुंद, १५ ते २० सेंटिमीटर उंच आणि ४-५ सेंटिमीटर जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर हवा. जागा असेल तर यापेक्षा मोठा. तो पूर्ण एसी कंडेन्सरसमोर (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीसमोर) लावला तर कंडेन्सरला आणि मागच्या मुख्य रेडिएटरला गरम वारा मिळतो. मे महिन्यात सिग्नलला एसी कमी पडेल आणि इंजिनाचा काटाही चढेल. बंपरच्या खालच्या जाळीमागे, कंडेन्सरच्या शक्यतो खाली, ही त्याची जागा. आणि कडेच्या फटी फोमच्या पट्टीने किंवा पत्र्याने बंद करा. वारा नेहमी सोप्या वाटेने जातो. बाजूला दोन बोटं फट असली तर बराचसा वारा जाळीला न शिवता निघून जातो. हे काम तासाभराचं, खर्च नगण्य, आणि तरीही सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

एसीचा जुना कंडेन्सर रेडिएटर म्हणून वापरू नका, त्याच्या नळ्या फार बारीक असतात आणि प्रवाह गुदमरतो. गाडीच्या हीटरची छोटी जाळीही या भाराला पुरत नाही. आणि मुख्य इंजिनाच्या कूलंटमधून फाटा काढायचा विचारही नको. ते पाणी ९० अंशांवर फिरत असतं.

पंप १२ व्होल्टचा, गाडीसाठी बनवलेला घ्या. बॉश किंवा तत्सम कंपनीचा सहायक कूलंट पंप चालतो. खोक्यावर लिहिलेला लिटरचा आकडा पुढे काहीच जोडलेलं नसतानाचा असतो. कोअर, रेडिएटर आणि नळ्या जोडल्या की प्रत्यक्ष प्रवाह त्याच्या निम्म्यावर येऊ शकतो. प्रत्यक्षात मिनिटाला १२ ते २० लिटर मिळायला हवेत. १५ लिटर असतील तर पूर्ण जोरात पाणी कोअरमधून एका फेरीत साडेअकरा अंशांनी तापून बाहेर पडतं, हे लक्षात ठेवा, पुढे मोजताना उपयोगी पडेल. टुल्लू पंप किंवा कूलरचा पंप उष्णता आणि हादरे सहन करत नाही.

नळ्या १९ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या, रबरी कूलंट होस किंवा सिलिकॉनच्या. काटकोनातले एल्बो जितके कमी तितकं बरं. सिलिकॉनवर साधी खाचांची स्क्रू क्लिप आवळली की ती नळी कापते. आतून सपाट पट्टी असलेली क्लिप वापरा.

पाणी डिमिनरलाइज्ड हवं, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. बोअरचं पाणी क्षारांमुळे बारीक नळ्यांमध्ये थर धरतं आणि ॲल्युमिनियम खातं. त्यात ॲल्युमिनियमला चालणारं कूलंट मिसळा, पण अर्धंअर्धं करायची गरज नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं आणि दाट असल्याने प्रवाहही घटवतं. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, त्यामुळे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के कूलंट गंजापासून संरक्षणाला पुरतं. कूलंट रेडीमिक्स असेल तर त्यात आधीच पाणी असतं, मग वेगळं मिसळायचं नाही. हिमाचल-लडाखला गाडी नेणाऱ्यांनी मात्र अर्धंअर्धंच ठेवावं.

जोडणीचा क्रम

टाकी, मग पंप, मग कोअर, मग पुढचा रेडिएटर, आणि तिथून परत टाकीत. असं केलं की टाकीत कायम रेडिएटरमधून थंड होऊन आलेलं पाणी साठतं आणि अचानक जोर दिला की तेच आधी कोअरला मिळतं.

पंप टाकीच्या खाली आणि जवळ हवा. हे पंप रिकाम्या नळीतून पाणी वर ओढू शकत नाहीत. पाणी स्वतःहून उतरून त्यांच्यापर्यंत आलं पाहिजे. टाकीचं तोंड पूर्ण जोडणीत सगळ्यात उंच ठेवा. कोअरमध्ये पाणी खालच्या तोंडातून आत आणि वरच्या तोंडातून बाहेर न्या, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. शक्य असेल तर पाणी हवेच्या उलट दिशेने जाऊ द्या: हवा जिथून थंड होऊन बाहेर पडते त्या टोकाला पाणी आत शिरावं.

हवेच्या बाजूला पाईपच्या टोकांना उठावदार कडा हवी आणि टी-बोल्ट क्लॅम्प हवेत. गुळगुळीत पाईपवरून सिलिकॉनचा जोड १ बारला फटकन सुटतो. पाईपात आधीचं तेल साचलेलं असेल तर पुसून काढा. तेलाचा थर कोअरच्या आतल्या पट्ट्यांवर बसला की थंडावा कमी होतो.

कोअर गाडीत बसवण्याआधी एक चाचणी टाळू नका. पाण्याचं एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून २ बार हवा भरा आणि कोअर बादलीत बुडवून पाच मिनिटं ठेवा. एकही बुडबुडा दिसला तर परत करा. का, ते शेवटी सांगितलं आहे.

विजेचं काम साधं आहे, तरी दोन गोष्टी सांभाळा. पंपाला रिलेमधूनच (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचमधूनच) वीज द्या: रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला बॅटरीची तार, ८७ ला पंप, ८६ ला इग्निशन चालू झाल्यावर येणारी वीज, ८५ ला अर्थिंग. तार २.५ चौरस मिलिमीटरची. बॅटरीपासून वीतभर अंतरातच पंपाच्या करंटनुसार १० किंवा १५ अँपियरचा फ्यूज. इंजिन चालू असताना थेट पंपाच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर कुठेतरी जोड कच्चा आहे किंवा अर्थिंगखाली रंग राहिलाय.

हवा काढणं

नवी जोडणी फसते ती बहुतेकदा इथेच. कोअरच्या वरच्या भागात हवा अडकली तर तेवढा भाग कोरडा राहतो. पंपात हवा शिरली तर प्रवाह थांबतो, आणि पंप कोरडा फिरला तर त्याचं सील जातं.

गाडीचं पुढचं टोक जॅकवर घ्या आणि स्टँड लावा. इंजिन थंड ठेवून टाकी हळूहळू भरा, नळ्या हाताने दाबत राहा. प्रत्येक दाबाला टाकीत बुडबुडे येतील. पाणी उतरायचं थांबलं की पंप पाच सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं करत राहा आणि पातळी खाली गेली की पाणी घाला. सुरुवातीला पंप गुरगुरतो. आवाज बदलून एकसारखी बारीक घरघर आली आणि टाकीत परत येणारी धार अखंड दिसू लागली की पंप सलग पंधरा मिनिटं चालू द्या. कोअरच्या माथ्यावर ब्लीड स्क्रू असेल तर याच वेळी सैल करून फक्त पाणी येईपर्यंत थांबा. टाकीत वर दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडून झाकण लावा. दोन-तीन दिवसांच्या वापरानंतर पातळी थोडी उतरते, तेवढं पाणी भरा.

मोजल्याशिवाय गाडी सोडू नका

आधी प्रवाह. टाकीत परत येणारी नळी काढून ५ लिटरच्या कॅनमध्ये सोडा, पंप चालू करा आणि एकाने टाकीत पाणी ओतत राहावं. २० सेकंदांत कॅन भरला तर मिनिटाला १५ लिटर. ४० सेकंद लागले तर कुठेतरी नळी दुमडली आहे, हवा अडकली आहे किंवा पंप अपुरा आहे.

मग तापमान. कोअरच्या आधी आणि नंतर पाण्यात एकेक सेन्सर, आणि हवेचं तापमान ओबीडी रीडरवर (ईसीयूतले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर). अनेक गाड्यांत इंटेक टेम्परेचरचा सेन्सर एअर फिल्टरजवळ, टर्बोच्या आधी असतो; तो आकडा इथे निरुपयोगी आहे. सेन्सर कोअरनंतर, थ्रॉटलजवळ (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेजवळ) असल्याची खात्री करा, नसेल तर वेगळा लावा.

चढावर अर्धा मिनिट जोर देऊन आकडे वाचा. पाणी आत जाताना आणि बाहेर येताना २० अंशांचा फरक दिसला तर प्रवाह कमी आहे. फरक १०-१२ अंशांचा, पण दोन्ही आकडे चढतच चालले, तर प्रवाह ठीक आहे आणि रेडिएटर किंवा त्यावरचा वारा कमी पडतोय. पाणी थंड आणि हवा मात्र गरम, तर दोष कोअरचा: तो लहान आहे किंवा त्यात हवा अडकली आहे. एवढं वाचता आलं की नवा कोअर घ्यायच्या आधी माणूस फटी बंद करतो.

‘पाणी हळू फिरवलं तर रेडिएटरमध्ये जास्त थंड होईल ना?’

हा गैरसमज फार पसरलेला आहे. हळू फिरणारं पाणी रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबतं हे खरं, पण कोअरमध्येही तेवढाच जास्त वेळ थांबून जास्त तापतं. शिवाय मंद प्रवाहात नळीच्या भिंतीला चिकटलेला पाण्याचा थर उष्णता अडवतो. प्रवाह वाढवला की दोन्हीकडे फायदाच होतो.

‘मोठी टाकी लावली की भागेल?’

मोठी टाकी तापायला जास्त वेळ घेते आणि निवायलाही. १० लिटर पाणी एकदा ६५ अंशांवर गेलं की ट्रॅफिकमध्ये ते लवकर उतरत नाही. रस्त्यावरच्या गाडीला ३ ते ५ लिटर पुरेत.

टाकीत बर्फ टाकायची युक्ती मात्र खरी आहे, फक्त योग्य जागी. रेडिएटर पाण्याला बाहेरच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. बर्फ करू शकतो. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, म्हणजे २ किलो बर्फात आपल्या १२ किलोवॅटची जवळपास ५५ सेकंदांची सोय झाली. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतीला एवढं भरपूर आहे. पुणे-नाशिक प्रवासाला नाही.

‘मग साधा हवेचा इंटरकूलरच काय वाईट?’

काहीच नाही. बंपरमागे जागा असेल, गाडी बहुतेक हायवेवर चालत असेल, तर हवेचा मोठा इंटरकूलर स्वस्त, हलका आणि बिघडायला जवळपास काही नसलेला पर्याय आहे. सलग दीर्घ भाराला तो सहसा जास्त टिकाऊ थंडावा देतो. जागा नाही, पाईप फार लांब फिरवावा लागतो, कोअर इंजिनावरच बसवायचा आहे किंवा कंपनीनेच पाण्याची पद्धत दिली आहे, तिथे पाणी निवडावं. कंपनीचीच पद्धत असलेल्या गाडीत आधी पुढचा रेडिएटर साफ आहे का आणि पंप चालतोय का ते पाहा.

ताकद किती वाढेल, याचं उत्तर रीमॅपवर अवलंबून आहे. मूळ सेटिंगवर गाडी जाहिरातीतल्या ताकदीच्या पलीकडे फारशी जात नाही. दुपारी हरवणारी ताकद मात्र टिकते. मायलेज वाढेल म्हणून हा खर्च करू नये.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवर नोंदलेले कंपनीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार करू देत नाही. इंटरकूलरची नोंद आरसीवर नसते, पण वॉरंटीतल्या गाडीत इंजिनाचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवलेला बरा.

पाणी कमी होतंय, पण गळती दिसत नाही

या जोडणीतला सगळ्यात महागडा बिघाड हा आहे, म्हणून बादलीतली ती चाचणी. कोअर आतून फुटला तर बूस्टमध्ये हवा पाण्यात घुसते: टाकीत बुडबुडे येतात, झाकणातून पाणी उडतं. इंजिन बंद झालं की उलटं होतं. पाणी हवेच्या पाईपात झिरपतं आणि रात्रभरात इंटेकमध्ये साचतं. पाणी दाबलं जात नाही. सकाळी स्टार्टर मारला आणि ते सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. कोअर इंटेकच्या खालच्या पातळीवर असेल तर धोका कमी होतो, संपत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा थंड गाडीत टाकीची पातळी पाहा. जमिनीवर डाग नाही, क्लिपा कोरड्या आहेत आणि तरी पातळी उतरतेय, तर गाडी चालू करू नका. थ्रॉटलजवळचा पाईप काढून आत बोट फिरवा. ओलावा लागला तर स्पार्क प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही, आणि कोअर बाहेर काढून पुन्हा बादलीत घालायचा.